हवा सर्वांची, मास्क कोणाचा?

रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणे, सक्शनने कफ ओढणे, दुर्बिणीने फुप्फुसे तपासणे या कामांत श्वासातले सूक्ष्म कण हवेत उडतात आणि बराच वेळ तरंगत राहतात. २००३ च्या सार्स साथीतील अभ्यासांचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी घालण्याच्या कामात असणाऱ्यांना संसर्गाची शक्यता इतरांच्या सहापटीहून जास्त आढळली. अशा कामांची यादी झाली आणि करोनाच्या काळात अनेक ठिकाणी एन-९५ मास्क याच यादीनुसार वाटले गेले.

यादी हवीच. पण तिच्याबाहेर कोण राहिले, हे आपण विचारायला हवे. डॉक्टर नळी घालून पुढच्या रुग्णाकडे जातात. पूर्ण पाळीभर रुग्णाजवळ असते ती सिस्टर, त्याचे अंग पुसणारी मावशी, फरशी पुसणारी कंत्राटी कामगार. रुग्ण खोकतो तो यांच्या तोंडावर. २०२० मध्ये ऑपरेशन थिएटरात झालेल्या मोजमापांत भूल दिलेल्या रुग्णाला नळी घालताना जेवढे कण उडाले, त्याहून कितीतरी जास्त साध्या खोकल्यातून उडालेले दिसले. म्हणजे धोका रोजच्या सेवेतही आहे. आणि सेवा म्हटली की ती बाईची, स्वस्त आणि कुणी न मोजलेली!

जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी करोनाने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जी बाई रुग्णालयाच्या हजेरीपटावरच नाही, ती मृतांच्या यादीत तरी कशी येणार? ३ मे २०२० ला रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले उधळली गेली. फुलांनी हवा स्वच्छ होत नाही.

करोना ओसरला तरी टीबी आहेच. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. मास्क हुद्दा पाहून नको, धोका पाहून मिळावा. आयांना, सफाई कामगारांनाही. लहान चेहऱ्यावर सैल बसणारा एन-९५ कडेने गळतो, म्हणून निरनिराळी मापे ठेवून तो प्रत्येकीच्या चेहऱ्यावर तपासून द्यावा. जास्त धोक्याच्या खोल्यांत तासाला १२ वेळा हवा बदलावी, असे केंद्र सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात; ती बदलते का, हे युनियनने विचारावे. आरोग्यसेवेत जडलेला संसर्ग १९२३ च्या भरपाई कायद्यात व्यवसायजन्य आजार मानला गेला होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. कंत्राटी बाईपर्यंत ती पोचवणे हे आपले काम.

मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या सरकारी दवाखान्यात जाऊन पाहा. वॉर्डाच्या खिडक्या उघडतात का, आणि मावशीच्या तोंडावर काय आहे? संघर्ष तिथूनच सुरू होतो.