मॉनिटरवरची रेघ

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद. या पट्ट्यात सरकारी कागद कन्नडमध्ये येतो, पण दिवेलागणीनंतर कितीतरी घरांतून ऐकू येतात त्या मराठी मालिका. म्हणूनच आजारपण आणि मरण याबद्दल मालिका काय दाखवतात, ही गोष्ट आम्हाला किरकोळ वाटत नाही.

तिथे सगळं ठरलेलं असतं. मॉनिटरवर रेघ वरखाली होते, सून देवीपुढे पदर पसरते, घंटा वाजते आणि रुग्णाचं बोट हलतं. ‘यंत्र काढा’ म्हणणारा बहुधा इस्टेटीवर डोळा असलेला दीर! म्हणजे श्रद्धा असेल तर यंत्र चालू, पापी असेल तर बंद.

आम्ही पाहिलं ते वेगळं होतं. आमच्या नात्यातल्या एका आजींच्या उशाखाली गाणगापूरच्या भस्माची पुडी होती. बाहेर थोरल्या मुलाच्या हातात यंत्र काढण्याच्या संमतीचा फॉर्म. त्याने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. धाकटा म्हणाला, “अण्णा, तुम्ही म्हणाल तसं.” अण्णा म्हणाले, “मी सही केली तर गाव काय म्हणेल?” लोभ कुणालाच नव्हता. आजी तर वर्षभर सांगत होत्या, “मला नळ्या लावू नका रे.” तेव्हा आम्हीच त्यांना गप्प केलं होतं : सणासुदीचं अभद्र बोलू नये. ते शब्द अजून टोचतात.

धर्म या प्रश्नापुढे गप्प आहे, असंही नाही. जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाने देह ठेवण्याचं व्रत, घेतली. विनोबांनी पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ ला देह ठेवला. तो दिवस दिवाळीचाच होता. या दोघांनीही स्वतः ठरवलं होतं. पण ज्याला बोलताच येत नाही, त्याच्यासाठी ठरवायचं कुणी? कर्नाटकातल्याच हळदीपूरच्या परिचारिका अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. बहुतेक वर्षं त्यांना व्हेंटिलेटर नव्हताच. परिचारिका भरवत होत्या. त्यांचं अन्न थांबवावं ही याचिका २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, पण ठरावीक परिस्थितीत उपचार थांबवण्याची वाटही त्याच निकालाने उघडली. परिचारिकांची माया खरी, याचिकेमागची कळकळही खरी. अशा पेचात खलनायक लागत नाही. ‘सुखांत’ चित्रपटात अंथरुणाला खिळलेली आई स्वतःच मरण मागते. तेवढं धाडस रोजच्या मालिकेनेही करावं.

कायदा आता पुढे गेला आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ इच्छापत्राला, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्नाटक सरकारने त्याबाबत परिपत्रक काढलं. त्यानुसार डॉक्टरांची दोन मंडळं रुग्णाची स्थिती तपासतात. सुधारण्याची आशा नसेल आणि घरच्यांची संमती असेल, तरच उपचार थांबतात. इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे. हा फरक एखाद्या भागात दाखवला असता, तर अण्णांच्या हातातलं पेन इतकं जड झालं नसतं.

वाचकहो, यंदा फराळाला सगळे जमाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने हा विषय काढला, तर त्याला गप्प करू नका, ऐकून घ्या. मग ते लिहून काढा. अशा इच्छापत्राला दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही.