व्हॅनमधला फ्रिज आणि अम्मीचं इन्सुलिन

गेल्या मे महिन्यात भावाच्या जुन्या व्हॅनमध्ये गाद्या टाकून आम्ही कोकणात निघालो. अम्मीचं इन्सुलिन गार राहावं म्हणून स्वस्तातला कूलर-बॉक्स लायटरच्या सॉकेटला लावला. सकाळी गाडी सुरूच होईना! बॉक्सही कोमट. २ ते ८ अंशांत ठेवायच्या नव्या कुपीवर भरवसा उरला नाही. शहर गाठून दुसरी घ्यावी लागली.

घरी आल्यावर वर्गात मांडतो तसा हिशोब मांडला. तो बॉक्स ५० वॅट अखंड ओढतो. दहा तासांत ५०० वॅट-तास. गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, ४० अँपिअर-अवर, म्हणजे भरलेली असली तरी ४८०! ती उतरणारच होती.

कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा छोटा फ्रिज महाग पडतो, पण गार झाला की थांबतो. ४५ वॅटचा फ्रिज दिवसात एकूण आठ तास चालला तर ३६० वॅट-तास, म्हणजे ३० अँपिअर-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. म्हणून गाडीच्या बॅटरीपासून वेगळी, ७५ ची घ्यावी. टपावरचं १०० वॅटचं सोलर पॅनल कडक उन्हात ही तूट बरीचशी भरून काढतं, पावसाळ्यात मात्र नाही. इन्व्हर्टर मध्ये घालू नका, वीज वाया जाते. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. तिथे काटकसर नको.

फ्रिज आदल्या रात्री घरच्या विजेवर गार करून घ्यावा. इन्सुलिन बर्फाला टेकू देऊ नये. गोठलं की निकामी.

यंदा सगळं जमवलंय. तरी अम्मी म्हणतेच, “बेटा, आधी गाडी सुरू होते का बघ!”