बिलातला 'लेबर' आणि आपले कष्ट



मागच्या आठवड्यात दुकानात एक शेतकरी काका आले. त्यांची पाच एचपीची मोटार जळाली होती, मी रिवाइंडिंग करून दिली. काकांनी बिल हातात घेतलं. तांब्याची तार बघितली, वार्निश बघितलं, बेअरिंग बघितलं, मान हलवली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा लेबर कशाचा, अन्ना? लेबर तर तुझ्याकडे कोणी दिसत नाही. सगळं तूच तर केलं."

मी हसलो. पण विचार करा, काकांचं काय चुकलं? आमच्या सिरोंच्यात लेबर म्हणजे रोजाने लावलेला माणूस. मालक स्वतः राबला तर तो लेबर कसा? त्याचे पैसे कशाचे? आणि खरं सांगतो, दुकान टाकलं तेव्हा मीसुद्धा असाच विचार करत होतो. तो विचार मला फार महाग पडला.

आधी हा शब्द बघू. नंतर हिशोब करू.

'लेबर' आपल्याकडे इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत तो लॅटिनमधून आला. लॅटिन म्हणजे जुन्या रोमची भाषा. तिच्यात एक क्रियापद आहे, 'लाबोरारे'. त्याचा पहिला अर्थ काम करणे, राबणे. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे त्रासात असणे, आजाराने पिडलेलं असणे. एखाद्या रोमन माणसाचं मूत्रपिंड दुखत असेल तर त्यासाठीही हेच क्रियापद. लढाईत सैन्याची एखादी तुकडी शत्रूच्या दाबाखाली सापडली, तरी हेच. इतकंच काय, चंद्राला ग्रहण लागलं की चंद्र 'लाबोरात', म्हणजे चंद्र कष्टतोय, असं ते म्हणत आणि त्याच्या मदतीला पितळेची भांडी बडवत. आपल्या दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीवर 'लेबर रूम' अशी पाटी असते ना, तिथेही हाच जुना अर्थ जिवंत आहे. लेबर म्हणजे कळा.

आता म्हणाल, लॅटिनशी आपला काय संबंध? तर आपला 'कष्ट' बघा. कष्ट करणे म्हणजे काम करणे आणि कष्ट होणे म्हणजे त्रास होणे. कष्टाळू माणूस कौतुकाचा, कष्टी माणूस दुःखी. नदीपलीकडे तेलंगणात आणि आमच्या अर्ध्या बाजारात तेलुगू चालते. तिच्यातही 'कष्टम्' म्हणजे अडचण आणि 'कष्टपडु' म्हणजे मेहनत करणे. आणि 'मेहनत' तरी काय? मूळ अरबी शब्दाचा अर्थ कसोटी, संकट. म्हणजे रोमपासून सिरोंच्यापर्यंत माणसाने काम आणि त्रास एकाच पोत्यात भरून ठेवलेत.

भाषेत हे चालतं. धंद्यात चालत नाही. माझं मत सरळ आहे: कष्ट हा वहीत खर्चाच्या बाजूला लिहायचा आकडा आहे, कमाईच्या नाही.

बीबीए करून मी गावी परत आलो आणि दुकान टाकलं. सकाळी सातला शटर वर, रात्री दहाला खाली. दुपारचं जेवण स्टुलावर बसून, एका हाताने. येणारा जाणारा म्हणायचा, "पोरगा लय कष्टाळू आहे हो." मला ते ऐकून पोट भरल्यासारखं वाटायचं. ज्या दिवशी पाठ जास्त दुखली, त्या दिवशी धंदा चांगला झाला असं मी धरून चालायचो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी घाऊक व्यापाऱ्याची उधारी चुकवायला आईच्या पाटल्या गहाण टाकाव्या लागल्या. आई काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "इतका राबतोस, मग पैसे जातात कुठे?"

बीबीएच्या तीन वर्षांत मला इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्या रात्री पहिल्यांदा एका मोटारीचा पूर्ण हिशोब मांडला. तेव्हा बिल घ्यायचो २,५०० रुपये. तार, वार्निश, बेअरिंग मिळून १,९००. राहिले ६००. एका मोटारीमागे दुकानाचं भाडं आणि लाइट बिल साधारण २०० धरलं. राहिले ४००. आता वेळ: खोलणं, जळालेली कॉइल काढणं, नवी भरणं, वार्निश, फिटिंग, टेस्टिंग, असे माझे दहा तास. म्हणजे तासाला चाळीस रुपये. त्यात एखादी मोटार परत आली की तेही गेले. दुसऱ्याच्या शेतावर रोजाने गेलो असतो तरी जवळपास तेवढे सुटले असते, आणि तिथे उधारी नसती.

लॅटिनमध्ये कामासाठी आणखी एक शब्द आहे, 'ओपुस'. ओपुस म्हणजे करून तयार झालेलं काम, हातातून उतरलेली वस्तू. त्याच घराण्यातून पुढे ऑपरेटर, ऑपरेशन हे शब्द आले. 'लाबोर' सांगतो तुम्हाला किती त्रास झाला. 'ओपुस' सांगतो तयार काय झालं. गिऱ्हाईक ओपुसचे पैसे देतं. तुमची पाठ किती दुखली याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि असूही नये. दाताच्या डॉक्टरकडे आपण तरी "किती दमलात?" विचारून पैसे देतो का?

मग माझं ओपुस काय? मला वाटायचं, दुरुस्त झालेली मोटार. तेही चुकलं. शेतकऱ्याला मोटार नको असते, त्याला मिरचीला पाणी हवं असतं. मोटार दोन दिवस दुकानात पडली की तिकडे पीक सुकतं. हे कळल्यावर मी दोन जुन्या मोटारी विकत घेऊन नीट केल्या आणि दुरुस्ती होईपर्यंत भाड्याने द्यायला लागलो. या भाड्याला माझे कष्ट जवळपास शून्य. पण शेतकरी सगळ्यात खुश याच गोष्टीवर. टेबल फॅनसारखी, तासन्‌तास खाऊन हातात काही न ठेवणारी कामं बंद केली. आणि बिलात लेबरची ओळ वेगळी लिहायला सुरुवात केली. पाटल्या सुटायला चौदा महिने लागले, पण सुटल्या.

इथे काही जण रागावतील. "कष्टाला पर्याय नाही, दादा. आमचा जिल्हाच कष्टावर उभा आहे." बरोबर आहे. उन्हाळ्यात भल्या पहाटे तेंदूपत्त्याला जाणारी माणसं, मिरची तोडायला नदीपार जाणारी माणसं, यांच्यापुढे मी दुकानात पंख्याखाली बसून कष्टाची भाषा करू नये. मी कष्टाला कमी म्हणत नाही. उलट म्हणतोय, ते इतके महाग आहेत की त्यांची नोंद व्हायलाच पाहिजे. तेंदूपत्ता तोडणाऱ्याला सत्तर पानांच्या पुड्यावर पैसे मिळतात. तो निदान पुडे मोजतो. आपण दुकानवाले तेवढंही मोजत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) गाव घ्या, धानोरा तालुक्यातलं. वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक पास लागतो, आणि तो अधिकार ग्रामसभेच्या हाती आला एप्रिल २०११ मध्ये. त्यानंतर गावाने आपला बांबू स्वतः विकला. आता बघा, बांबू तोडायचे कष्ट तेच. कोयता तोच, घाम तोच. बदललं काय? कोणाला विकायचा, कोणत्या भावाने विकायचा, हे ठरवणारा बदलला. आधी हातात फक्त मजुरी यायची, आता मालाची किंमत आली.

म्हणून शेवटचा शब्द, आपला स्वतःचा: 'व्यवसाय'. रोज बोलतो, पण संस्कृतात याचा मूळ अर्थ आहे निश्चय, पक्कं ठरवणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो याच अर्थाने येतो. म्हणजे आपल्या भाषेने सांगून ठेवलंय की राबणं म्हणजे कष्ट आणि ठरवणं म्हणजे व्यवसाय. दिवसभर राबून एकही गोष्ट ठरवली नाही, तर तुम्ही स्वतःच्या दुकानात बिनपगारी लेबर आहात. 'कस्टमर' म्हणजे 'कष्ट कर आणि मर' नव्हे!

आज रात्री तीन कामं करा.

एक, तुमची सगळ्यात जास्त खपणारी एक वस्तू किंवा सेवा घ्या आणि तिच्यामागे जाणारे तुमचे तास लिहा. पापड असोत, ब्लाउज असो, झेरॉक्स असो. घरच्यांचे तासही धरा. आई आणि बायको फुकटचे लेबर नाहीत.

दोन, महिन्याचा स्वतःचा पगार ठरवा. छोटा चालेल, पण खर्चाच्या बाजूला लिहा. तो काढून उरेल तोच नफा.

तीन, "आज किती दमलो" याच्या जागी "आज काय ठरवलं" अशी एक ओळ रोज वहीत लिहा.

आणि हो, काकांचं राहिलंच. मी त्यांना म्हटलं, "काका, माझ्याकडे एक लेबर आहे, तो मीच. त्याला दर महिन्याला पगार द्यावा लागतो, नाहीतर तो पळून जाईल." काका हसले. पन्नास रुपये कमी कर म्हणाले. मी केले नाहीत. चहा मात्र पाजला, आणि तो चहाही वहीत लिहिला.

तुमच्या एका तासाचा हिशोब किती निघाला, कमेंटमध्ये नक्की सांगा. आकडा लहान निघाला तर लाजू नका. माझा चाळीस होता.