उपयोगाचा रकाना

घशाला संसर्ग करणाऱ्या एका जिवाणूच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्या तंतूंच्या प्रथिनातला कोणता अणू कुठे बसला आहे हे शोधायला सरकारी पैसा खर्च करावा का, असा कौल घेतला तर तो बहुधा नकाराचाच येईल. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात एडवर्ड बेकर यांच्या गटाने हेच काम केले आणि २००७ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. अनुदानाच्या अर्जात 'या संशोधनाचा समाजाला उपयोग काय' असा रकाना असतो. या कामातून पुढे जे निघाले, ते त्या रकान्यात तेव्हा कुणालाही लिहिता आले नसते. विज्ञानाला पैसा देण्याची आपली रीत याच रकान्यापाशी चुकते असे मला वाटते. उपयोग विचारायला हरकत नाही. पण तो अगदी सुरुवातीला विचारायचा आणि मिळालेल्या उत्तरावरच सगळी भिस्त ठेवायची, यात गल्लत आहे.

हा जिवाणू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस. त्याचा संसर्ग वारंवार झालेल्या काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे साडेपाच कोटी लोकांना हा हृदयरोग आहे आणि दरवर्षी साडेतीन लाखांहून अधिक माणसे त्याने दगावतात. भारतातून तो हटलेला नाही. न्यूझीलंडसारख्या सधन देशातही माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या कुटुंबांतील मुलांना तो गाठतो. तेव्हा ऑकलंडच्या मंडळींनी हा जिवाणू काही लहर म्हणून निवडला नव्हता. या जिवाणूचे प्रकार ओळखण्याची एक पद्धत फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९३०च्या दशकात बसवली. तिच्यात ट्रिप्सिन हे पाचक विकर वापरून जिवाणूच्या पृष्ठभागावरची इतर प्रथिने छाटून टाकत. 'टी' नावाचे प्रतिजन मात्र त्या माऱ्यातून शाबूत राही. ते का टिकते याचे उत्तर नव्हते, पण ओळख पटवण्याचे काम भागत होते, आणि त्यावरच अनेक दशके निघून गेली. हे प्रतिजन म्हणजेच पृष्ठभागावरचे तंतू, हे २००५ मध्ये कळले. दोन वर्षांनी बेकर यांच्या गटाने त्या प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडले, तेव्हा नकाशात अनपेक्षित जोड दिसली. साखळीत एकमेकांपासून लांब असलेले लायसिन आणि अस्पॅराजिन हे दोन घटक आतल्या बाजूला थेट रासायनिक बंधाने जखडलेले होते. शेजारच्या ग्लुटामिक आम्लाच्या साहाय्याने, कोणत्याही बाहेरच्या विकराशिवाय, प्रथिन घडी घेतानाच हा बंध आपोआप जुळतो. म्हणून ट्रिप्सिनला त्याची साखळी सहजी सुटत नाही. म्हणूनच घशातला खोकला, लाळ, गिळण्याचे हिसके सोसूनही तंतू ताणला जात नाही.

गोष्ट इथे थांबली असती तरी मला हा पैसा सत्कारणी लागला असे वाटले असते. ती थांबली नाही. ऑक्सफर्डमध्ये मार्क हॉवर्थ यांच्या प्रयोगशाळेने याच जिवाणूच्या पृष्ठभागावरचे, असाच बंध असलेले दुसरे एक प्रथिन घेतले आणि त्याचे दोन भाग केले: एक अवघ्या १३ अमिनो आम्लांचा, दुसरा त्याहून बराच मोठा. हे दोन भाग वेगवेगळ्या प्रथिनांना जोडून एकत्र मिसळले की ते काही मिनिटांत एकमेकांत कायमचे अडकतात. २०१२ मध्ये जाहीर झालेली स्पायटॅग-स्पायकॅचर ही जोडी आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. अमेरिकेत कॅलटेकच्या पामेला ब्यॉर्कमन यांच्या गटाने तिच्या आधाराने आठ वेगवेगळ्या कोरोना विषाणूंचे तुकडे एकाच सूक्ष्मकणावर बसवले. प्राण्यांवरच्या चाचण्यांत, ज्यांचा तुकडा कणावर नव्हता अशा विषाणूपासूनही संरक्षण मिळाल्याचे दिसले. २००७ साली कोविडचे नावही नव्हते.

रचना माहीत नसताना घाई केली तर काय होते, याचा दाखला याच जिवाणूच्या इतिहासात आहे. त्याच्या पृष्ठभागावरचे दुसरे प्रथिन, 'एम', रेबेका लॅन्सफिल्ड यांनी १९२०च्या दशकात ओळखले. संरक्षक प्रतिपिंडे त्याच्याविरुद्धच तयार होतात, म्हणून लस त्याचीच करावी असा सरळ विचार झाला. १९६०च्या दशकात अमेरिकेत अशी लस दिलेल्या थोड्या मुलांपैकी काहींना संधिवाताचा ताप आला. दोष लशीचा की योगायोगाचा, हा वाद मिटला नाही. मात्र १९७९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जिवाणूचे घटक असलेल्या लशींवर बंदी घातली आणि ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ राहिली. एम प्रथिनाची पीळदार रचना हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनशी मिळतीजुळती आहे; त्यामुळे शरीराचे सैन्य जिवाणूला शोधता शोधता स्वतःच्या हृदयावर उलटत असावे, असे मानले जाते. कोणता तुकडा घ्यावा आणि कोणता टाळावा, हे ठरवायला अणूंचा नकाशाच लागतो. शिवाय या प्रथिनाचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराची लस दुसऱ्यावर चालेलच असे नाही.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांचा असेल, आणि तो वजनदार आहे. हा जिवाणू आजही पेनिसिलिनला दाद देतो. घसा वेळेवर तपासला, घरातली दाटी कमी झाली, तर झडपा वाचतात. मग प्रथिनांच्या नकाशांचे कौतुक कशाला? इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतरही या जिवाणूवर एकही मान्यताप्राप्त लस नाही, हेही खरे आहे. पण एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दुखरे इंजेक्शन घ्यावे लागते, तेही अनेक वर्षे. शाळा, रोजंदारी आणि दवाखान्याचे अंतर सांभाळताना ते किती जणांकडून चुकत असेल, याची कल्पना कुणालाही करता येईल. दवाखाना हवा आणि प्रयोगशाळाही हवी. पहिल्याचे पैसे दुसरी खाते, हा समज आकड्यांना धरून नाही. भारताचा संशोधन आणि विकासावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. इतक्या अपुऱ्या रकमेतून आणखी कापून आरोग्यसेवा उभी राहणार नाही.

दुसरा आक्षेप नवा आहे. अल्फाफोल्डसारखी संगणकप्रणाली प्रथिनाची घडी घरबसल्या सांगते, तिच्या कर्त्यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. आता स्फटिक करत कोण बसणार? ही प्रणाली जे शिकली ते दीड-दोन लाख रचनांवरून, आणि त्या रचना अर्धशतकभर अशाच चिवट माणसांनी काढून सार्वजनिक संग्रहात ठेवल्या होत्या. शिवाय घडीचा अंदाज येणे वेगळे आणि ज्या जागी बंध अपेक्षितच नव्हता तिथे तो सापडणे वेगळे. प्रणालीने काम वेगवान केले यात शंका नाही. अनपेक्षित गोष्ट पकडायला मात्र अजून प्रत्यक्ष मोजमाप लागते.

आपल्याकडे ते करण्याची सोय आणि परंपरा दोन्ही आहेत. प्रथिनाची प्रत्येक नवी रचना जगभर आजही जी. एन. रामचंद्रन यांच्या १९६३ सालच्या आलेखावर तपासली जाते. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर प्रथिन-स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणरेषा आहे. फरीदाबादच्या प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्रात आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंच्या तंतूंच्या रचना काढल्या गेल्या आहेत. उणीव आहे ती धीराच्या पैशाची. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये जाहीर झाले, पण त्यातला मोठा वाटा उद्योग आणि अन्य खासगी स्रोतांकडून यावा अशी अपेक्षा आहे. उद्योग उपयोग आधी विचारणार, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. म्हणून सरकारने आपल्या वाट्यातला ठरावीक हिस्सा असा राखून ठेवावा, की ज्याच्या अर्जात उपयोगाचा रकानाच नसेल. प्रश्न चांगला आहे का आणि विचारणारा त्यासाठी सक्षम आहे का, एवढेच तिथे तपासले जावे.