कटिंगच्या दुकानातलं बाकडं

इंजिनियरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम्स हा विषय ज्यांच्या मानगुटीवर बसला होता, त्यांना 'स्लीपिंग बार्बर' आठवत असेल. डाइक्स्ट्रासाहेबांच्या नावावर असलेलं, १९६५ सालचं कोडं. एक न्हावी, एक कटिंगची खुर्ची आणि वाट बघायला मोजक्या खुर्च्या. गिऱ्हाईक नसेल तर न्हावी झोपतो, आलं की ते त्याला उठवतं. खुर्च्या भरलेल्या असतील तर गिऱ्हाईक आल्या पावली परत. लावा सेमाफोर आणि घ्या मार्क.

मार्क मिळाले, पण कोडं मला कधी पटलं नाही. साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या दुकानात बाकड्यावर पाच माणसं असायची आणि त्यातलं गिऱ्हाईक एकच! बाकीचे नुसतेच बसलेले. एक पेन्शनर पेपर वाचायला (म्हणजे सगळ्यांना वाचून दाखवायला), एक रिक्षावाला ऊन उतरेपर्यंत, आणि एकाला तर चक्क टक्कल. आता ह्याला कुठला सेमाफोर लावणार?

बाबा "किती नंबर आहेत?" एवढं विचारून मला तिथे सोडून मंडईत जायचे. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून त्यावर आम्हाला बसवायचे, मान खाली दाबायचे, मशीनचा गार स्पर्श, मग फवारा... हे सगळं ठीक. पण खरी मजा नंबर येण्याआधीची. कारखाना यंदा उसाला काय भाव देणार, कुणाचं स्थळ का मोडलं, कोण कुठल्या पक्षात जाणार. माझं राज्यशास्त्र तिथलंच.

आता पुण्यात मी ॲपवर वेळ ठरवून जातो. सव्वापाचला खुर्ची, पावणेसहाला बाहेर. आमच्या धंद्याच्या भाषेत वेटिंग टाइम शून्य. दोन वर्षं जातोय, पण "साइडने बारीक" सोडून तिथे कुणाशी एक वाक्य बोललेलो नाही. माझं स्पष्ट मत आहे की दुकानात माणसं जमायची ती न्हाव्याच्या गप्पांपेक्षा तिथे फुकट बसता यायचं म्हणून. हॉटेलात निदान एक कटिंग तरी मागवावी लागते. (ही कटिंग वेगळी.)

पण थांबा, लगेच 'गेले ते दिवस' म्हणून गळा काढू नका. कारण ह्याच साताऱ्यात बाबासाहेबांचं लहानपण गेलं. त्यांनी लिहून ठेवलंय की गावात न्हावी नव्हते असं नाही, पैसे नव्हते असंही नाही, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नसे. घरातल्यांचे केस मोठी बहीण कापायची. आणि स्वतः न्हावी तरी कुठे मोकळा होता? बलुतेदार. वर्षभर गावाच्या हजामती करायच्या आणि सुगीला मिळेल ते धान्य घ्यायचं. त्यातूनही १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने, विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. न्हाव्यांच्या इतिहासातली ही गोष्ट आम्हाला शाळेत का सांगितली नाही कुणास ठाऊक.

बायकांचा तर प्रश्नच नव्हता. आई धाकट्याला न्यायला यायची ती पायरीखालूनच हाक मारायची. इतक्या वर्षांत ती त्या बाकड्यावर एकदाही बसली नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मार्चपासून सलून बंद होती. आपल्या राज्यात २८ जूनला उघडली ती फक्त केस कापायला, दाढीला मनाई. अंतर ठेवायचं म्हणून दुकानातलं बाकडं उचललं गेलं, ते परत आलंच नाही. आता काकांचा मुलगा फोनवर नंबर देतो. गेल्या दिवाळीत मी काकांपाशी हळहळ व्यक्त केली, तर वस्तरा पुसत म्हणाले, "अरे इंजिनियर, बसणारे बसायचे, पेपरचं बिल मी भरायचो. आता मला दुपारी वेळेवर जेवायला मिळतं."

ह्यावर काय बोलणार? पोरानं दुकान सांभाळावं, बाकडं मांडावं, चार टाळक्यांना सांभाळून घ्यावं, आणि हे सगळं कशासाठी, तर आपण दिवाळीत दोन दिवस गावी गेलो की बरं वाटावं म्हणून? आपल्याला बाकडं हवं असेल तर त्याचा खर्च आपण करायला पाहिजे.

म्हणून आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी गेटबाहेरच्या झाडाखाली एक बाकडं टाकूया असं सुचवलं. इस्त्रीवाले, डिलिव्हरीची पोरं, कामाला येणाऱ्या मावश्या, आपले आजी-आजोबा, कुणीही बसेल. पैसे मी देतो म्हटलं. क्लबहाऊस आहेच की, एक जण म्हणाले. (आहे. ॲपवर बुक करावं लागतं.) मग सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पण बाहेरचे लोक येऊन बसतील ना!"

तेच तर म्हणतोय, म्हटलं. ठराव पुढच्या मीटिंगवर ढकललाय.