नावडतीचा चौकोन

'वंशवृक्ष' हा शब्द ज्यानं पहिल्यांदा काढला, त्याच्या घराण्यात सात पिढ्या प्रत्येकाला एकेकच बायको असली पाहिजे. एक खोड, दोन फांद्या, चार डहाळ्या, असं शिस्तीत वाढणारं घराणं त्याच्या डोळ्यांपुढे असणार. आमच्यासारख्यांची घराणी त्यानं पाहिली असती, तर झाडाचा नाद सोडून करवंदीच्या जाळीचं नाव घेतलं असतं. कुठली फांदी कुठून निघाली ते कळत नाही आणि हात घातला की ओरखडा ठरलेला!

पूर्वी वंशावळीचं काम घरातले एखादे पेन्शनर काका करायचे. त्यांनी लिहिलेली गुंडाळी माळ्यावर असायची आणि तिचं संपादन वाळवी करायची. हल्ली हे काम पुतण्यांकडे आलंय. पुतण्याजवळ सॉफ्टवेअर असतं. नाव घातलं की पडद्यावर चौकोन उमटतो, चौकोनाला रेघ फुटते, रेघेला पुन्हा चौकोन. कल्याण आणि उल्हासनगरच्या मधल्या आमच्या विठ्ठलवाडीत मेलगाड्या थांबत नाहीत, पण हा छंद मात्र घरोघरी उतरू लागलाय. छंदाला माझी हरकत नाही. भिशी, भजनी मंडळ आणि शेअर बाजार यांच्यापेक्षा तो निरुपद्रवीच आहे. माझं भांडण आहे ते त्यातल्या एका प्रश्नाशी.

माझ्या पणजोबांची तीन लग्नं झाली. यात त्यांचा काही पराक्रम नव्हता. पहिली बाळंतपणात गेली, दुसरी प्लेगात गेली, तिसरी टिकली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, त्यानंतरच्या वर्षांत असे बिजवर आणि तिजवर ठिकठिकाणी असत. पुतण्यानं पणजोबांच्या चौकोनाला तीन बायका जोडल्या आणि मला विचारलं, "काका, यातली प्रेफर्ड कोणती?"

मला वाटलं, पोरगं चावटपणा करतंय. पण नाही. अशा कित्येक प्रोग्रॅममध्ये पूर्वजांच्या तक्त्यात पुरुषाशेजारी एका वेळी एकच बायको दिसते. बाकीच्या एका इवल्याशा खुणेच्या मागे जाऊन बसतात. खूण दाबाल तर दर्शन, नाहीतर नाही. तेव्हा पुढे कुणाला बसवायचं ते घरच्यांनी सांगायचं. याला म्हणतात प्रेफर्ड स्पाउस. आपल्या आजीनं याला 'आवडती' म्हटलं असतं. एवढं शिकून, एवढी यंत्रं बनवून माणूस शेवटी आवडती आणि नावडतीपाशीच आला म्हणायचा! फरक इतकाच की, श्रावणातल्या कहाणीत नावडतीला गोठ्यात ठेवलं तरी शेवटी देव पावतो आणि राजाचे डोळे उघडतात. संगणकात ती खुणेच्या मागे गेली, की तिला देवही सापडत नाही.

यंत्र मूर्ख आहे असं मी म्हणत नाही. पणजोबांना बायका तीन असोत की तेरा, ते सगळ्या नोंदून घेतं. पण कसं? ही यंत्रं आपापसांत माहितीची देवघेव करतात ती जेडकॉम नावाच्या ठरलेल्या साच्यात. हा साचा १९८४ साली अमेरिकेतल्या युटामधल्या मॉर्मन चर्चनं तयार केला. त्यात एक 'कुटुंब' म्हणजे जास्तीत जास्त एक नवरा, जास्तीत जास्त एक बायको आणि मुलं हवी तितकी. (मुलांच्या बाबतीत साचा आपल्या आजोबांच्याच विचाराचा दिसतो.) २०२१ साली त्याची सातवी आवृत्ती निघाली, तरी हा नियम तसाच आहे. गंमत म्हणजे याच चर्चमध्ये १८९० पर्यंत पुरुषानं अनेक बायका करणं धर्माला मान्य होतं. त्यांचे एक थोर पुढारी ब्रिगहॅम यंग यांच्या बायकांचा आकडा पन्नासच्या वर जातो. या साच्यात त्यांची पन्नासावर कुटुंबं होतात आणि प्रत्येक कुटुंबात नवरा तोच! आमच्या भागात एका बिऱ्हाडाचं पाणी भरता भरता माणसाची कंबर जाते. हा गृहस्थ पन्नास बिऱ्हाडं सांभाळतोय.

आता यातली मेख बघा. बायको नवऱ्याला जोडली, दुसरीही नवऱ्याला जोडली. पण त्या दोघींना एकमेकींशी जोडणारी रेघ साच्याच्या कुटुंबात नाही. यंत्राच्या हिशेबी त्या परक्या. आपल्या भाषेकडे पाहा. सवत हा तर तीन अक्षरी कसा झणझणीत शब्द! सवती-मत्सर आहे, सावत्र आहे, बिजवर आहे. दोघी जिवंत असल्या तर नवरा कचेरीत किंवा ओटीवर; जन्म काढायचा तो दोघींनी एकाच चुलीपुढे. हे काही पुराणातलं नाही. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्यानं आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं बंदी येईपर्यंत हिंदू पुरुषाला पहिली जिवंत असताना दुसरी करता येत होती, आणि 'मुलगा नाही' एवढं कारण पुष्कळ होई. पहिली मेलेली असली तरी नातं तुटत नसे. काही घरांत दुसरी बायको पहिलीचा टाक गळ्यात घालायची. जिला डोळ्यांनी पाहिलंही नाही तिला छातीशी बाळगून संसार करायचा! एवढं नातं ज्या तक्त्याला काढता येत नाही, त्यानं कुटुंबाच्या गोष्टी सांगू नयेत.

आणि तिसऱ्या लग्नाचं काय? तिसरी बायको लाभत नाही अशी समजूत, म्हणून तिसरं लग्न आधी रुईच्या झाडाशी लावायचे. त्याला अर्कविवाह म्हणत. म्हणजे माणसांतली तिसरी ती खरं तर चौथी. आता तक्त्यात रुईचा चौकोन कुठे काढायचा, तिचं माहेरचं आडनाव काय लिहायचं, हे युटाच्या मंडळींना विचारायला हवं. वंशवृक्षात खराखुरा वृक्ष असण्याचा हा एकमेव प्रसंग, आणि नेमकी त्याचीच सोय नाही!

पण थट्टा पुरे. पुतण्याचा दुसरा प्रश्न थट्टेचा नव्हता. तो म्हणाला, "काका, दुसरीला मूल नाही, नावही कुणाला माहीत नाही. तिला डिलीट करू? तक्ता एका पानात बसतो."

पोरगा दुष्ट नाही. त्याला पान वाचवायचं होतं. एका बाईनं या घरात सहा वर्षं पाणी भरलं, पहिलीच्या पोरीची वेणी घातली, आणि ती प्लेगात गेली. तिची किंमत आज एक फुलस्केप कागद. हे मला सोसत नाही.

त्याचं म्हणणं असं, की तक्ता रक्ताचा असतो. पूर्वजांना क्रमांक द्यायची एक जुनी पद्धत आहे. तुम्ही एक, वडील दोन, आई तीन. कुणाचाही आकडा दुप्पट केला की त्याचा बाप, त्यात एक मिळवला की आई. हिशेब चोख. फक्त त्यात सावत्र आईला आकडाच नाही. बाळंतिणीचं पोर जिनं वाढवलं ती या गणितात शून्यसुद्धा नाही!

महर्षी कर्व्यांचं घर घ्या. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव, 'समाजस्वास्थ्य' चालवणारे. १८९३ साली अण्णांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई जन्मानं जोशी, आठव्या वर्षी लग्न होऊन नातू, काही महिन्यांतच विधवा, पुढे पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे. तक्त्यात त्यांनाही दोन नवरे दाखवायला लागतात आणि यंत्र पुन्हा विचारणार, प्रेफर्ड कोणता? रघुनाथरावांना मूलबाळ नव्हतं. म्हणजे आज कर्व्यांच्या पुढच्या पिढीतलं कुणीही आपल्या रक्ताचा तक्ता काढायला बसलं, तर त्यात राधाबाई नाहीत. अण्णांच्या गरिबीच्या दिवसांत संसार केलेली बाई गणितानं गाळली. यात कुणाचा द्वेष नाही, म्हणून तर भीती वाटते.

बरं, आपले जुने लोक काही स्त्रीमुक्तीवाले नव्हते. जुन्या वंशावळ्या पाहा, बापामागे मुलगा, मुलामागे नातू. बायका-मुली जणू वाड्यात राहतच नव्हत्या. पण त्याच लोकांच्या महालयातल्या यादीत पित्यामागून माता येते आणि तिच्या पाठोपाठ सापत्नमाता. भटजी तिचं नाव विचारतात आणि तिच्या नावानं पिंड ठेवतात. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींसाठी भाद्रपदात अविधवा नवमी आहे. आणि ज्याच्या नावाची आमची वाडी, त्या विठ्ठलाचं पंढरपूर पाहा. रखुमाईचा गाभारा वेगळा, सत्यभामेचा वेगळा, राहीचाही वेगळा. कुणी कुणाच्या मागे लपलेली नाही. वारकऱ्याला विठोबानं कधी विचारलं नाही, की यातली प्रेफर्ड कोणती?

आता यंत्राच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो आणि ती आपल्याला झोंबणारी आहे. वंशजांच्या तक्त्यात ते सगळ्या बायका ओळीनं दाखवतं. साच्यात नाव नसलेल्या माणसालाही जागा आहे. नाव रिकामं, तारीख रिकामी, तरी चौकोन उभा राहतो. म्हणजे ती अनामिक बाई ठेवायला यंत्र तयार आहे. गाळायला उठलोय ते आपण. बोट यंत्राचं नसतं, पुतण्याचं असतं, आणि पुतण्याला आपण काही सांगितलेलं नसतं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. करणाऱ्यांनी ती आवडती-नावडतीची कळ काढून टाकावी. सगळ्या जणी शेजारी-शेजारी बसू देत, त्यांनी हयातीत याहून अडचणीत दिवस काढलेत. सवतीला सवतीशी जोडणारी एक रेघ द्यावी. आणि घरोघरच्या पुतण्यांनी मूल नाही म्हणून कुणाचा चौकोन पुसू नये. तक्ता एका पानात मावत नसेल तर दुसरं पान चिकटवावं. डिंक स्वस्त आहे.

नावडतीचं मीठ अळणी, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पण तिच्या हातचं जेवलेले आपलेच आजोबा होते. येत्या पितृपक्षात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा, पहिलीचं नाव काय होतं, दुसरीचं माहेर कुठलं. म्हातारीला आठवत असेल. ती गेली, की मग विचारायला कुणी उरणार नाही.