पाम सुकतोय? आधी माती पाहा

कोकणातल्या एका वाचक भगिनीने विचारले आहे: मुलगा नोकरीसाठी कतारला निघण्याआधी बैठकीच्या खोलीत अरेका पामची मोठी कुंडी ठेवून गेला. आता पानांची टोके तपकिरी झाली आहेत, दोन फांद्या तर पुरत्या वाळल्या. जुम्म्याच्या व्हिडिओ कॉलवर तो झाड दाखवायला सांगतो आणि या मोबाइल झाडाच्या हिरव्या बाजूकडे धरतात. "रोज न चुकता पाणी घालते, सूनबाईही घालते, तरी पाने का जळतात?"

प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, असे आम्हाला वाटते. पण अर्धेच. कारण पामचे पान पाणी कमी पडले तरी तपकिरी होते आणि जास्त झाले तरी तपकिरीच होते. दोन्ही दुखण्यांचा इलाज अगदी उलट. म्हणून पान वाळलेले दिसले की तांब्या उचलायचा, ही सवय आधी सोडली पाहिजे.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत ती असते. रोज दोघीतिघींनी पाणी ओतले की त्या पोकळ्या भरून जातात, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेले मूळ पाणी शोषत नाही. म्हणजे कुंडीत चिखल आणि पानाला मात्र तहान! घरातल्यांना वाळलेले पान दिसते, मग आणखी पाणी घातले जाते, आणि असे चांगले झाड दोन-तीन महिन्यांत हातचे जाते. उपाशी झाडांपेक्षा अशी लाडाने मेलेली झाडे आम्ही जास्त पाहिली आहेत.

ओळखायचे कसे? बोट मातीत दोन पेरे खोल घाला. वरची माती कोरडी दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. बोट कोरडे निघाले तर पाणी द्यायचे, आणि द्यायचे ते पोटभर: सावकाश, सगळीकडून, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज अर्धा तांब्या शिंपडला तर वरची माती तेवढी भिजते, खालची मुळे कोरडीच राहतात. अर्ध्या तासाने ताटलीत साचलेले पाणी ओतून टाका. शोभेच्या कुंडीला तळाला भोक आहे ना, हेही एकदा उलटून बघा; पुष्कळ चकचकीत कुंड्यांना ते नसतेच. मातीला आंबूस, कुजका वास येत असेल किंवा खोड बुडाशी मऊ लागत असेल तर झाड बाहेर काढून काळी, लिबलिबीत मुळे कापा आणि वाळू, कोकोपीट मिसळलेल्या भुसभुशीत मातीत पुन्हा लावा. काही दिवस सावलीत ठेवा. खत मात्र मुळीच घालू नका, आजाऱ्याला बिर्याणी वाढण्यासारखे ते होईल.

आता दुसरी बाजू. सोलापूर, लातूरकडच्या वाचकांचा पाम बहुधा वेगळ्या कारणाने जळतो. पाणी बेताने दिले, माती भुसभुशीत, तरी पानांची फक्त टोके तपकिरी, कुरकुरीत. तिथे बोअरच्या पाण्याकडे बघा. बादलीच्या काठावर, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच क्षार कुंडीच्या मातीतही साठत असतो. लोणच्याच्या कैरीला मीठ लावले की तिला पाणी सुटते, हे घरातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. माती खारट झाली की मुळांचे तसेच होते, त्यांना पाणी ओढणे जड जाते. शिवाय पाण्याबरोबर पानात चढलेला क्षार पाणी उडून गेल्यावर टोकाशी साचतो. कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी कमी आणि गाळ जास्त, तशी पानाच्या टोकाची गत!

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आरओ यंत्राच्या बाजूच्या नळीतून जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते झाडांना घालतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात गाळून काढलेले क्षार एकवटलेले असतात. त्याने फरशी पुसा, संडास धुवा. एसीतून ठिबकणारे पाणी मात्र पामला चालते. वुजूचे पाणीही चालते, त्यात साबण नसतो. अर्थात ते बोअरचेच असेल तर क्षार तेवढाच राहणार.

साठलेला क्षार धुऊन काढता येतो. दहा लिटरची कुंडी असेल तर वीस-तीस लिटर गोडे पाणी हळूहळू ओतून खालून वाहू द्या. आमच्या मते याला पावसाळ्यासारखे औषध नाही. पहिल्या एक-दोन सरी जाऊ द्या, मग ढगाळ दिवशी कुंडी अंगणात ठेवून चांगली भिजवा आणि परत आत आणा. फुकटात काम होते.

ऊनही तपासा. नर्सरीत हे झाड हिरव्या जाळीखाली वाढलेले असते. ते एकदम पश्चिमेच्या गॅलरीत ठेवले तर उन्हाकडच्या पानांवर आधी फिकट आणि मग तपकिरी चट्टे पडतात. मूळचे हे मादागास्करच्या दमट प्रदेशातले झाड. नावात अरेका असले तरी ही कोकणातली पोफळी नव्हे. खिडकीजवळचा गाळीव उजेड याला पुरतो. पंख्याच्या किंवा एसीच्या थेट झोतात ठेवू नका.

सगळ्यात खालची, जुनी फांदी पिवळी होऊन वाळली तर घाबरू नका, ती तिच्या वयाने जाते. पूर्ण वाळली की बुडापासून कापा. एकदा तपकिरी झालेले टोक पुन्हा हिरवे होत नाही. ते कात्रीने पानाच्या आकारात तिरके छाटा, पण तपकिरी रंगाची एक बारीक कड राहू द्या. हिरव्यात कापले तर तिथून पुन्हा वाळते. मधला सुईसारखा कोंब मात्र कधीही छाटू नका, कारण त्या खोडाची वाढ तिथूनच होते. इलाज लागू पडला की नाही, ते त्याच कोंबातून उघडणाऱ्या नव्या पानावर कळेल. त्याला काही आठवडे लागतात. तोवर पाणी घालायचे काम घरातल्या एकीकडेच असू द्या.